जहाजमामा राहतो कुठे?

जहाजमामाला प्रश्न विचारायची खोड होती. लहानपणी ती कुणी मोडली नाही, त्यामुळे साठीला टेकल्यावर चांगलीच फोफावली. त्याचा सगळा जन्म गेला मालवाहू जहाजांवर स्वयंपाक करण्यात. म्हणजे एका हातात डाव आणि दुसऱ्या हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली. बहिणीची मुलं त्याला जहाजमामा म्हणायची, गल्लीनं तेच उचललं, आणि खरं नाव एकट्या पोस्टमनच्या लक्षात राहिलं.

जहाजावर तो रोज पावाचं पीठ मळायचा. वादळ यायच्या आदल्या दिवशी हे पीठ भराभर फुगतं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. कप्तानाकडे हवेचा दाब मोजायचं यंत्र, मामाकडे परात. "साहेब, उद्या गडबड आहे," असं तो वर जाऊन सांगायचा. कधी ते खरं व्हायचं. कधी समुद्र असा गुळगुळीत, की खलाशी दिवसभर टर उडवायचे, "काय आचारीबुवा, वादळ कुठल्या बंदरात अडकलं?" मामाला टरेचं काही वाटायचं नाही. पण एकदा खरं का आणि एकदा खोटं का, हा किडा डोक्यात वळवळायचा तो वळवळायचाच.

शेवटची फेरी संपवून तो मोठ्या बहिणीकडे, ताईकडे कायमचा राहायला आला. ताई शाळांचे गणवेश शिवायची. मामा दिवसभर तिच्या मशीनशेजारी बसून हवा, ढग, वारा असल्या गोष्टींवरून तिचं डोकं खायचा. शेवटी भाचीच म्हणाली, "मामा, आईला कशाला पिडतोस? विद्यापीठात हवामानाचा अभ्यासक्रम आहे. वयाची अट नाही. अनुदानाची सीट मिळाली तर जवळजवळ सगळी फी सरकार भरतं."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर पूर्ण फी. मग विसर. आपण सगळे मिळून जन्मभर शिवत बसलो तरी ती निघायची नाही."

मामा दुसऱ्या दिवशी दाढी करून विद्यापीठात हजर.

पात्रता कक्ष इमारतीच्या मागच्या अंगाला होता. काउंटरच्या काचेला बोलण्यासाठी ठेवलेली खाच इतकी खाली, की ताठ मानेचा माणूससुद्धा तिथे वाकूनच बोलणार. पलीकडे चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढलेल्या एक बाई. मामानं मनातल्या मनात त्यांना पात्रताबाई करून टाकलं.

"बारावी?"

"पास. त्यानंतरच पळालो ना समुद्रावर."

"आधी अनुदानातून पदवी घेतलीय?"

"पदवी कसली! लोक आचारीबुवा म्हणायचे, तीच."

बाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "गेली तीन वर्षं कुठे राहत होता?"

"पाण्यावर."

"म्हणजे नदीकाठी?"

"छे हो. समुद्रात. मधूनमधून बंदरं, पण मुक्काम पाण्यावरच."

आता दुसरा कुणी असता तर निमूटपणे बहिणीचा पत्ता सांगून मोकळा झाला असता. पण ज्यानं उभा जन्म जहाजावर काढला त्याला "कुठे होता" म्हणून विचारलं, की तो खरं ठिकाण सांगतो. तिथे थाप मारली तर शोधायला निघालेले लोक भलत्याच समुद्रात शोधत बसतात.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, अनुदानाची सीट इथल्या रहिवाशांना असते. आधीची सलग तीन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. तुम्हाला परदेशी विद्यार्थ्याची फी पडेल."

खरं तर मामानं कपाळावर हात मारायचा. त्याऐवजी तो खाचेत आणखी वाकला. त्याला भारीच गंमत वाटली होती. "बाई, मी परदेशी, कबूल. पण कुठल्या देशाचा?"

"अं?"

"नाही, तुम्ही म्हणता इथला नाही. जिथे जहाज लागायचं तिथले लोक बंदराच्या फाटकावर पास बघायचे आणि संध्याकाळी परत जहाजावर हाकलायचे. म्हणजे तिथलाही नाही. मग समुद्राचं एखादं विद्यापीठ असेल तर पत्ता द्या, तिकडे विचारतो."

मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. बाईही हसल्या, पण हसता हसता थांबल्या. प्रश्न चावट असला तरी खोटा नव्हता. त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटली. रांग चुळबुळायला लागली तशी बाई म्हणाल्या, "थांबा हो जरा, मलाच आता कळेना हा माणूस कुठला ते!"

आणि सापडलं. कामासाठी बाहेर असलेल्या माणसाला रहिवासीच धरावं, पण त्याचं कायमचं घर इथे हवं आणि सुट्टी मिळाली की तो त्याच घरी परतत असला पाहिजे.

"परततो की! ताईकडे!"

"असं सगळेच सांगतात, काका. एकेका मावशीच्या घरात दहा-दहा भाचे राहतात, कागदावर. मी स्वतः येऊन बघेन. घर तुमचं वाटलं तर सीट, नाही तर नाही."

मामा घरी आला तो थेट कामाला लागला. जहाजावर कप्तान खोल्या बघायला येणार म्हटलं की एक वस्तू बाहेर दिसता कामा नये. मामाला तपासणी म्हणजे तेवढंच ठाऊक. त्यानं अंथरूण गुंडाळून कपाटात टाकलं. ब्रश, कंगवा, चष्म्याची डबी खणात. चपला पेटीत. खुंटीवरचा सदरा, खिडकीतली पुस्तकं, उशाशी असायचं ते पाण्याचं भांडं, सगळं आत. मग फरशी अशी घासली, की ताई दारातूनच म्हणाली, "अरे, सोयरीक जुळवायला येतायत का तुझी?"

"तू बघच. नाव ठेवायला जागा राहणार नाही."

पात्रताबाई आल्या. खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. चार भिंती, एक बंद कपाट, एक बंद पेटी.

"काका, इथे कोण राहतं?"

"मी!" मामाची छाती फुगली. "बघा, एक वस्तू बाहेर सापडायची नाही."

"तेच तर म्हणतेय मी." बाई हळूच म्हणाल्या. "खोली भाड्यानं द्यायला काढल्यासारखी दिसते."

तेव्हा कुठे मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा उतरला. त्यानं खण उघडून कंगवा दाखवला, पेटीतून चपला काढल्या. पण आता ते सगळं दुकानात माल दाखवल्यासारखं वाटायला लागलं, आणि ते त्यालाही कळलं. बाईंना वाईट वाटलं असावं. पण त्यांनी नकाराचा शेरा लिहायला पिशवीतून कागद काढला.

"चहा तरी घ्या," मामा पुटपुटला आणि स्वयंपाकघरात गेला. पाठोपाठ ताई. आणि मग आतून आवाज आला.

"तो डबा कुठे हलवलास? पुन्हा त्या पट्टीच्या मागे? हात घालता येत नाही मला तिथे!"

"पडत नाही म्हणून ठेवलाय."

"पडायला घर काय हलतंय का रे? माझ्या स्वयंपाकघराचं जहाज करून ठेवलंय मेल्यानं!"

पात्रताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला लाकडाची एक-एक पट्टी ठोकलेली, डबे घसरू नयेत म्हणून. बाईंनी जवळ जाऊन बोट फिरवलं. एक पट्टी धुरानं काळी झालेली. तिच्याखालची तपकिरी, तेलकट. पुढची जरा फिकी. शेवटची कोरी करकरीत, अजून लाकडाचा वास येणारी.

"ह्या सगळ्या एकदम नाही ठोकलेल्या?"

"एकदम?" ताईनं पदर खोचला. "दर सुट्टीला येतो, दोन दिवस गुण्यागोविंदानं राहतो, तिसऱ्या दिवशी हातोडी! ही काळी आमचे हे होते तेव्हाची. ही मुलीच्या शाळेच्या पहिल्या वर्षातली. सांगून सांगून थकले मी."

"मग काढल्या का नाहीत? वर्षवर्षभर ते नसायचे ना?"

ताईनं कारण नसताना ओटा पुसला. "काढून कसं चालेल? आल्या आल्या म्हणाला असता, ताई, घर बदललंस वाटतं."

मामा गॅसकडे तोंड करून उभा होता. चहा उतू गेला. सबंध आयुष्यात त्यानं चहा उतू जाऊ दिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दोघांना काउंटरवर बोलावणं आलं. "सीट मंजूर," बाई म्हणाल्या. "पण एक अट आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तोवर इथेच राहायचं. लांब कुठे निघून गेलात तर अनुदान बंद."

"तीन वर्षं?" मामानं बोटांवर मोजलं. "एकाच जागी?"

जहाजावर चढल्यापासून त्यानं एका जागी दोन पौर्णिमा काढल्या नव्हत्या. मागची माणसं घसा खाकरायला लागली. ताई हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

"बाई, बंदरावर जाऊन नुसती जहाजं बघत बसलो, तर ती गैरहजेरी धरतात का?"

"संध्याकाळी घरी परतलात तर नाही."

"जेवायच्या आधी," ताई म्हणाली. "आणि येताना भाजी घेऊन."

"हे नियमात आहे?" मामानं काचेतून विचारलं.

बाईंनी चष्मा वर सरकवला, पुस्तक उघडलं, एक पान गंभीरपणे न्याहाळलं. "आहे," त्या म्हणाल्या. "सही करा."