फोनमधला दसरा संपेना

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर पोचले तेव्हाच मी अर्धी झालेली. बाळाला रात्रभर ताप. मागच्या तापात त्याने डोळे फिरवलेले, तेव्हापासून अंग जरा कोमट लागलं तरी मी रात्रभर जागते. नवरा टेम्पो घेऊन वापीला गेलेला. टिटवाळ्याला शेजारच्या काकूंकडे बाळाला दिलं आणि जिना उतरता उतरता सांगितलं, "सकाळचं औषध मी दिलंय. मला विचारल्याशिवाय दुसरं देऊ नका हां काकू, आधी ऑफिसात फोन करा."

ऑफिस डोंबिवलीला, एमआयडीसीत, कारखान्याच्याच आवारात. मी फोनच्या बोर्डावर बसते, बाहेरून आलेले फोन आत जोडून देते. मोबाईल गेटवर जमा करायचा, जेवणाच्या सुट्टीत मिळतो. म्हणून काकूंना बोर्डाचाच नंबर दिलेला. मला एवढं लहान मूल आहे हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं, नोकरी नवीन, भीती वाटायची.

तर बोर्ड गप्प. एक रिंग नाही. ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमनी त्यांच्या मोबाईलवरून आमचाच नंबर लावून बघितला, त्यात माझाच आवाज. "नमस्कार, दसऱ्यानिमित्त ऑफिस बंद आहे." मॅडमनीच माझ्याकडून बोलून घेतलेला तो मेसेज. तो काढायचा तर कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधून, आणि ते सॉफ्टवेअर फोनच्या पेटीला जोडलंच जाईना. चाक फिरायचं, फिरायचं, मग लाल चौकट. माझी शाळा नववीत सुटली, इंग्रजी अडखळत वाचते, पण लाल म्हणजे नाही एवढं कळतं.

"काय दाबलंस तू?"

"काहीच नाही मॅडम, देवाशपथ."

मॅडमनी फोनवाल्या इंजिनियरला लावलं आणि मोबाईल स्पीकरवर माझ्यासमोर ठेवला. तो उचलून काकूंना लावावा असं सारखं वाटत होतं, पण काकूंचा नंबर पाठ कुठे, तो गेटवरच्या मोबाईलमध्ये.

"ताई, पेटीवर हिरवा दिवा आहे का?"

"आहे. झेंडूचा हार पण आहे."

"हार राहू दे. मागची वायर काढा, परत लावा, टक् आवाज आला पाहिजे."

आला. तरी लाल. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तो उठेपर्यंत माझ्या डोक्यात काकू आमचा नंबर फिरवतायत आणि मी आतून बंद आहे बंद आहे म्हणतेय. तरी लाल.

"दसऱ्याच्या पूजेनंतर मेन स्विच पाडलेला का?"

"हो. मशीनला पण आराम देतात ना."

"अहो मग तेच! पेटी परत चालू झाली तेव्हा तिला राउटरने नेटवर्कमधला नवीन नंबर दिला, फोनचा नाही. सॉफ्टवेअर अजून जुन्या नंबरावर शोधतंय."

त्याने सांगितलेला कोड टेबलावरच्या फोनवर दाबला, फोनच्या काचेच्या पट्टीवर आकडे आले. मी एकेक वाचला. मग तेच सॉफ्टवेअरच्या चौकटीत टाकायचे.

"मध्ये टिंब द्या ताई, जागा नाही सोडायची."

टिंब दिलं. चाक फिरलं, आणि आमचे सगळे फोन हिरवे होऊन स्क्रीनवर आले. सुट्टीच्या मेसेजवरची खूण काढली तशी रिंग. पहिली कुठल्या तरी पार्टीची, शिव्या देत. दुसरी काकूंची.

"बाई गं, बोललीस एकदाची! किती वेळ विचारतेय, औषध देऊ का, तर तू आपली ऑफिस बंद, ऑफिस बंद. मी म्हटलं हिला पोराचं काही आहे की नाही!"

"ताप किती आहे काकू?"

"भट्टी झालाय नुसता. तू नको म्हणालेलीस म्हणून हात लावला नाही बाटलीला."

"द्या, आत्ता द्या, आणि डॉक्टरकडे न्या, मी निघते."

फोन ठेवला तर मॅडम उभ्या. "तुला बाळ आहे?"

मी मान हलवली.

"जा," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

उद्या काय बघणार ते विचारायला मी थांबले नाही. टिटवाळ्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा काकू बाकावर, बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलेलं. मान चाचपली तर ओली, घाम फुटलेला. काकू म्हणाल्या, "उतरतोय गं. बस जरा." मी बाळाला मांडीवर घेतलं, भिंतीला टेकले, आणि तशीच झोपले. नंबर आला तेव्हा काकूंनी हलवून उठवलं.