न गंजणारी साखळी

आमची होडी बुडाली, तेव्हा तिची साखळी अगदी नवीकोरी दिसत होती. (हे मी अभिमानाने सांगत नाहीये.)

कशेळीला आमची भातशेती होती, तिच्यावर आता आमचीच गोदामं उभी आहेत. बाबांना जुनं म्हणून उरलं होतं ते एवढंच, खाडीतली होडी. मासळी काही मिळायची नाही, तरी ते रोज सकाळी तिच्यात जाऊन बसायचे. होडी साध्या दोराने बांधलेली. दोर विरला की बाबा नवा लावायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गोदामवाल्यांची होडी आणि दोराने बांधलेली!

मग मी रेलिंगवाल्याकडून स्टेनलेस स्टीलची जाडजूड साखळी आणली. तो म्हणाला, "सेठ, आपके पोते भी यही बांधेंगे!" तेव्हा मला मुलंही नव्हती, पण मी खूश!

बाबांनी साखळी हातात घेऊन उलटसुलट केली. "दोर विरला का डोल्यांना दिसतो. ही कधी सांगल?"

"बाबा, स्टील आहे! गंजतच नाही!"

"खाडीला ठाव हाय का ते?"

दर रविवारी मी खुंटाजवळची साखळी लिंबू लावून घासायचो. (बायको म्हणायची, "घरातली एक कढई घासली नाहीत कधी!") पुढची साखळी खाऱ्या चिखलात रुतलेली. ती कोण बघणार? कोणीच बघितली नाही.

दोनेक वर्षं गेली. नारळी पौर्णिमेला सगळे नातेवाईक काठावर जमले. बाबा खाडीला नारळ द्यायला होडीत बसले. होडी काठापासून जरा लांब सरकली, म्हणून ती ओढून घ्यायला मी पुढे झालो. "बघा हां! हत्ती बांधा हिला!" म्हणालो आणि दिला साखळीला हिसका.

साखळी चिखलातच तुटली. मी उताणा, माझ्या छातीवर लखलखीत अर्धी साखळी, आणि ओहोटीबरोबर बाबा निघाले!

आई ओरडली, "अहो, वल्हं मारा की!"

"तुज्या पोरानं रंगवाया घरी नेलंय!"

(सणासाठी नेलं होतं. रंग छान बसला होता.)

शेजाऱ्याच्या मोटरबोटीने बाबांना पुलाच्या अलीकडे गाठलं. होडी मात्र पुलाच्या खांबावर आपटली, फळ्या उकलल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत गेली. काठावर कोणी हसलं नाही. बाबांच्या हातात नारळ तसाच होता.

साखळीचं चिखलातलं टोक धुऊन बघितलं. कड्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकंच भोकं, आणि तुटलेली कडी आतून पार खाल्लेली. मी ती रेलिंगवाल्यापुढे आपटली. तो म्हणाला, "सेठ, स्टील बोला था. समंदर थोडे ही बोला था! ये तो घर के अंदर का माल है."

नवी होडी घेऊ म्हटलं, तर बाबा नको म्हणाले. सकाळी उठून जायचं कुठे, तेच त्यांना कळेनासं झालं. फार वाईट दिवस होते ते.

उरलेली अर्धी साखळी घराच्या गेटला लावली आहे. बाबा आता तिथपर्यंतच जातात. तिच्यावरून हात फिरवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "पोरानं आणली. जरा पन गंजली न्हाय."

आणि मी दर रविवारी ती लिंबू लावून घासतो.