बेडकाच्या उंचीवर

गल्लीत तिला सगळे टिकटिकताई म्हणत. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र एकदा तिनं घरी आणलं, शेजारच्यांना वाजवून दाखवलं आणि नाव चिकटलं.

अणुवीज केंद्रामागच्या तळ्यात केंद्राचं शुद्ध केलेलं सांडपाणी सोडत. काठावर उभं राहायचं, यंत्र कमरेच्या उंचीवर धरायचं, आकडा घ्यायचा, हे तिचं काम. आकडा कायम मर्यादेत. याही खेपेला तसाच आला की तळ्यावरची देखरेख बंद होणार होती. तळ्यात माणूस उतरत नसे. बेडूक मात्र रग्गड.

जेवताना तिनं हे भावाला सांगितलं. भाऊ शिंपी.

"म्हणजे गिऱ्हाईक बेडूक, आणि माप स्वतःचं घेतेस?" तो म्हणाला. "माझं दुकान आठवड्यात बसेल गं, ताई."

वहिनी हसली. टिकटिकताईचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती काठावर उकिडवी बसली. यंत्राचं टोक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि सांडपाण्याच्या पाइपाजवळ, बेडूक बसतात त्या गाळाला टेकवलं. टिकटिक इतकी वाढली की एकात एक मिसळली. तिनं यंत्र बदलून पाहिलं. तेच.

केंद्रातल्या साहेबांनी आकडा दोनदा वाचला. "पद्धत माणसांसाठी आहे, बाई."

"तिथं माणूस म्हणजे मी एकटी, सर. आणि मी चिखलात झोपत नाही."

साहेब स्वतः तळ्यावर आले. पँट दुमडून, गमबूट चढवून गुडघ्यांवर बसले. यंत्राचं टोक गाळाला टेकवून ऐकलं.

"पाइप आजच बंद करू," ते म्हणाले. "उद्या गाळ उपसायला माणसं लावतो."

हेच तर तिला हवं होतं. पण काठच्या गवतात अंड्यांचे बुळबुळीत पुंजके लटकले होते. गाळ उपसला तर तेही जाणार. ठेवला तर पिल्लं त्याच गाळात वाढणार. किती किरणोत्सर्ग त्यांना सोसतो, तिला नेमकं ठाऊक नव्हतं. साहेबांनाही.

"पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत थांबू या," ती म्हणाली.

"आणि चुकलो तर?"

"तर माझंच चुकलं असेल, सर. म्हणून देखरेख बंद करू नका. मोजत राहते."

साहेबांनी मान डोलावली. ती पुन्हा चिखलात वाकली. पुंजक्यातले काळे ठिपके मधूनच वळवळत होते. निरोगी दिसत होते. दिसण्यावर तिचा आता फारसा भरवसा नव्हता.