जाळीत राहिलेला चेहरा

छापखान्याच्या त्या गल्लीत तिला सगळे वहिनीच म्हणत. खरी वहिनी ती एकाचीच होती, पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून शाईवाला, कागदवाला आणि समोरचा चष्मेवालाही तेच म्हणू लागला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दीर शाळेत जायचा आणि शाळेपेक्षा जास्त झाडावर असायचा. त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यांना औषध लावण्यापासून त्याला शाई कालवायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. नवरा गेला तेव्हा छापखाना तिच्या अंगावर पडला, आणि धाकट्या दिरानं आपणहून त्याला खांदा लावला. माणसाला आणखी काय हवं असतं?

काम जाळीच्या छपाईचं. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, तिच्यावर मसाला चढवायचा, वर चित्राची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागेल तिथं मसाला घट्ट बसतो, फिल्मच्या काळ्या रेघांखाली तो मऊ राहतो आणि पाण्यानं निघून जातो. मग त्या वाटांतून रबराच्या पट्टीनं शाई दाबत कागदावर उतरवायची. एका रंगाला एक चौकट. पिशव्या, डब्यांवरची लेबलं, दुकानांच्या पाट्या असं रोजचं पोटापाण्याचं काम चालायचं. पण वहिनीचा हात असा होता की चित्रकारसुद्धा आपली चित्रं तिच्याकडे घेऊन येत.

त्यातल्याच एका चित्रकारानं एका नटीचा चेहरा आणला. एके काळी भिंतीभिंतींवर असलेली ती नटी आता म्हातारी झाली होती, आणि चित्रात म्हातारीच होती. सुरकुती एकही पुसलेली नव्हती. नटी स्वतः छापखान्यात आली. खुर्चीवर बसा म्हटलं तर शाईच्या पालथ्या डब्यावर बसली.

"माझा तरुण चेहरा लोकांनी वाटून घेतला," ती म्हणाली. "काडेपेटीवर होता, कॅलेंडरवर होता. मला कुणी विचारलं नाही. हा मात्र मी मागून घेतलाय. थोड्याच प्रती काढा, ज्यांना द्यायच्या त्यांना मीच देईन. पुढे हा कुठे दिसायला नको."

"दिसणार नाही," वहिनी म्हणाली. "माझा शब्द."

अशा कामाची छापखान्यात एक रीत होती. शेवटची प्रत निघाली की चित्रकारासमोर जाळी धुवायची, आणि फिल्म जाळायची. वहिनीनं काळ्या रेघांची जाळी स्वतः घासली. चेहरा पाण्याबरोबर मोरीत गेला. फिल्मचं पाकीट तिनं धाकट्याच्या हातात दिलं. तो मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळानं तिनं दारातून डोकावलं, पत्र्याच्या डब्यातून काळा धूर निघत होता. ती परत फिरली. डब्यात काय जळतंय ते तिनं पाहिलं नाही. घरच्या माणसाच्या हाताखाली कोण वाकून बघतं?

त्या चौकटीवर तिला पुढे दुसरं काही छापवेना. तिनं ती माळ्यावर ठेवून दिली. धाकटा म्हणाला, "वहिनी, आता जाळ्यांनाही पेन्शन का?" ती हसली होती.

वर्ष उलटलं. एके दुपारी चित्रकार आला तो चप्पल न काढताच आत आला.

"केस कापायच्या दुकानात लावलंय ते नटीचं चित्र," तो म्हणाला. "आरशाच्या वर. आणि एका हॉटेलच्या जिन्यातही. खाली सही नाही, बाकी हुबेहूब."

"कुणीतरी नक्कल केली असेल," वहिनी म्हणाली. "आमच्याकडून जाणं शक्य नाही."

"इतकी खात्री?"

"जाळी मी धुतली, फिल्म याने जाळली. याच्याबद्दल मी देवासमोरही सांगेन."

धाकटा कोपऱ्यात शाई ढवळत होता. ढवळतच राहिला.

"थांबा, धुतलेली जाळीच दाखवते," म्हणत ती स्वतः माळ्यावर चढली. चौकट खाली आणली, फडक्यानं पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

जाळी कितीही घासली तरी काळ्या शाईची पुसट सावली तिच्यात राहते. तशी ती होतीच. कपाळ, नाक, हनुवटी. पण हनुवटीखाली आणखी एक हनुवटी होती, बोटभर सरकलेली. डोळ्यांच्या कडेला पुन्हा डोळे. एकाच जाळीवर तोच चेहरा दोनदा उठला होता, आणि तिनं तर तो एकदाच उठवला होता.

चित्रकार जवळ येऊन बघू लागला. "मला तर नुसते डाग दिसतायत," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तसंच असेल, वहिनी. उगाच तुमच्यावर संशय घेतला."

त्यानं जायला पाऊलही उचललं. वहिनीनं चौकट टेबलावर ठेवली.

"आमच्याकडूनच गेलंय," ती म्हणाली. "तिला सांगायला मीच येते. तुम्ही मधे बोलू नका."

नटीनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. "तुम्ही तरी वेगळ्या असाल असं वाटलं होतं," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

वहिनी परतली तेव्हा धाकटा ओट्यावर बसला होता.

"त्या चित्रकाराला दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "तू गप्प बसली असतीस तर मिटलं असतं."

"डब्यात काय जाळलंस?"

"जुन्या लेबलांच्या फिल्म." त्यानं खाली बघितलं. "सगळीकडे तुझा शब्द, तुझा हात. माझ्या नावानं इथे काय आहे? ती छापलेली चित्रं विकत घेणारे मला उस्ताद म्हणाले, वहिनी. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं."

"मला सांगायचंस."

"आणि तू काय केलं असतंस? मी काय परका आहे?"

"घरचा होतास म्हणून तर धूर बघून परत फिरले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिशव्यांचं काम होतं. त्याला दोन माणसं लागतात, एकानं पट्टी ओढायची, दुसऱ्यानं समोरून कापड सरकवायचं. धाकटा नेहमीच्या वेळी आला, हात धुतले आणि काही झालंच नाही अशा थाटात टेबलाच्या पलीकडे उभा राहिला. वहिनीनं चौकट खाली टेकवली नाही. दोन्ही हातांनी अधांतरी धरून ठेवली. त्याच्याकडे बघितलं नाही, जा म्हणाली नाही. तिचे दंड थरथरू लागले तरी चौकट खाली आली नाही.

त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग हात फडक्याला पुसले आणि तो निघून गेला.

तिनं चौकट टेकवली, पट्टी ओढली, मग टेबलाला वळसा घालून कापड सरकवायला पलीकडे गेली. पहिली पिशवी वाकडी आली. तिनं ती बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.