नेलपॉलिशचा ठिपका

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या एका कारागिराला गल्लीत सगळे तपासनीस म्हणायचे, आणि उगाच नाही. दुकानात आलेल्या प्रत्येक सुट्या भागावर तो बायकोच्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा, कुणी अदलाबदल केली तर कळावी म्हणून. आता 'कुणी' म्हणजे कोण? दुकानात होता एकटा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर मान खाली घालून राबणारा. प्रोसेसरवर त्याला थंड ठेवणारा कूलर बसवायचं काम मात्र तपासनीस त्यालाही करू द्यायचा नाही. तिथे फक्त त्याचाच हात.

एक निवृत्त बसचालक काका आले. जन्मभर बस हाकून हौस फिटली नव्हती की काय, त्यांना घरी बसून शर्यतीच्या गाड्या पळवायच्या होत्या. मेहुणा म्हणाला, "दाजी, यांना पाण्याचा कूलर देऊ. थंड राहील."

"पाणी आणि वीज एका पेटीत? घर पेटवायचंय का त्यांचं?" तपासनीसाने ते तिथेच उडवून लावलं आणि मोठ्या पंख्याचा कूलर स्वतः बसवून दिला.

आठव्या दिवशी काका पेटी घेऊन हजर. म्हणाले, "पाच मिनिटं झकास चालतो. मग गाडी वळणावर अडकते आणि भिंतीत घुसल्यावर सुटते."

तपासनीसाने गेम लावून पाहिला. खरंच. नवंकोरं ग्राफिक्स कार्ड काम मिळण्याची वाट बघत ताटकळलेलं, आणि प्रोसेसर धापा टाकतोय. सगळं घोडं तिथेच अडलं होतं. स्क्रीनवर प्रोसेसरचं नाव बरोबर होतं, पण नावाचं काय, त्याच नावाचा जुना वापरलेलाही मिळतो. आणि पेटी जोडायच्या आदल्याच दिवशी मेहुणा म्हणाला होता, घरचा माझा कॉम्प्युटर फार रखडतो. तपासनीसाच्या डोक्यात झालं पक्कं.

"अठ्ठ्याण्णव डिग्री दाखवतोय," मेहुणा म्हणाला. "कूलर काढून बघू या का?"

म्हणजे पाण्याचा कूलर पुन्हा पुढे करणार. नाहीतर उघडल्या उघडल्या हातचलाखी करून चांगला प्रोसेसर गुपचूप परत बसवणार. "हात लावू नकोस," तपासनीस म्हणाला. तासाभरात मेहुण्याने तीनदा तेच सुचवलं, आणि तिसऱ्यांदा तपासनीसाच्या तोंडून निघून गेलं, "चांगला प्रोसेसर घरी नेलास ना? खरं सांग."

काका खुर्चीत अवघडून बसले. मेहुण्याने आपली पिशवी टेबलावर उलटी केली: डबा, चष्म्याचं घर, एक स्क्रू ड्रायव्हर. "बघून घ्या," म्हणाला, सगळं परत भरलं आणि निघून गेला.

आता रान मोकळं. तपासनीसाने कूलर काढला, प्रोसेसर पुसला आणि भिंग लावलं. कोपऱ्यात गुलाबी ठिपका होता. त्याचाच.

मग त्याने कूलर उलटा केला. तळाला पारदर्शक प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला, आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं: बसवण्याआधी काढा. आठ दिवस प्रोसेसर त्या प्लास्टिकखाली भाजत होता आणि जळू नये म्हणून स्वतःच हळू चालत होता. तपासनीसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कागद सोलून, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावून कूलर बसवला. पारा सत्तरच्या खाली. काकांची गाडी वळणं सरसर कापत गेली.

"दोष कुणाचा निघाला?" काकांनी विचारलं.

"माझा," तो म्हणाला. त्या दुकानात हे उत्तर पहिल्यांदाच ऐकू आलं.

काका गेल्यावर त्याने फोन लावला. पलीकडून मेहुण्याने आधी एवढंच विचारलं, "प्लास्टिक होतं ना? दर वेळी तुम्ही ते सोलून माझ्या टेबलावर टाकता. या वेळी पडलं नव्हतं."

"चुकलो रे मी. उद्या येशील ना?"

"येईन दाजी. ताईसाठी येईन. पण रोज जाताना पिशवी तुमच्यासमोर रिकामी करून जाईन. नको म्हणू नका."