बारीक होणाऱ्या भाऊजींचा कोट

आमच्या भाऊजींचा शिंपीकामातला एक नियम होता आणि त्या नियमापायी ते उभ्या गल्लीशी भांडले असतील. एखादी बाई मापाला उभी राहिली आणि म्हणाली, "जरा घट्टच ठेवा हं, मी सध्या वजन कमी करतेय," की भाऊजी टेप गळ्यात अडकवून सरळ हात जोडायचे. "बाई, मी अंगाचं माप घेतो, इच्छेचं नाही. बारीक झालात की या, फुकटात आत घेऊन देईन." बाई तेवढ्यापुरती रुसायची, पण कपडे न्यायला यायची तेव्हा खूश होऊन जायची, कारण ते अंगाला बसलेले असायचे. फुकटात आत घ्यायला मात्र इतक्या वर्षांत फारसं कोणी परत आलं नाही.

हे सगळं मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत आलेय. मी त्यांची मेहुणी. काजं करणं, बटणं लावणं, कच्चे टाके घालणं ही दुकानातली माझी कामं. दुकान खाली, ताईचं घर वर आणि मधे एक अरुंद जिना. त्या जिन्यावरून स्वयंपाकाचा वास खाली उतरायला लागला की भाऊजींचं मशीन आपोआप वेग धरायचं. माणूस खाण्याचा भारी शौकीन. कापडावर कात्री कुठे थांबवायची हे त्यांच्या हाताला बरोबर कळायचं, पण ताटावर बसले की तोच हात काही केल्या थांबत नसे. भात दुसऱ्यांदा यायचा, तिसऱ्यांदाही यायचा, आणि दुकानात चहाबरोबर बिस्किटांचा पुडा कधी संपला हे पुड्यालासुद्धा कळत नसे.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की रात्री दोन घास कमी खा, भाज्या वाढवा आणि रोज थोडं चाला. घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा? हे तर तुमची ताईसुद्धा सांगते." आणि ताई सांगते म्हणजे ते ऐकायचं नाही, हे तर ठरलेलंच.

मग माझ्या भाचीचं, ताईच्या मुलीचं, लग्न ठरलं. दोन्ही घरची माणसं भेटली, गप्पा झाल्या, सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला. भाऊजींचे होणारे व्याही पोहायला शिकवायचे. साठी उलटली तरी माणूस सरळसोट. फोटोत त्यांच्या शेजारी आमचे भाऊजी उभे होते. भाऊजींनी तो फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि मग विचारलं, "मेहुणीबाई, मी असा दिसतो?"

"फोटो काढणारा तिरका उभा होता," मी म्हणाले. मला काय ठाऊक, एवढ्याशा दयेने समाधान होणार नाही ते!

त्याच आठवड्यात भाचीने वडिलांसाठी कोटाचं कापड आणलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, रोज शंभर जणांना 'आता नीट दिसतंय का' विचारते, तिची नजर चांगली. गडद निळं कापड, त्यावर बारीक पांढऱ्या उभ्या रेघा. ताग्यातला शेवटचा तुकडा होता, तसं दुसरं मिळणार नव्हतं. "बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांचे कोट शिवलेत. माझ्या लग्नात हा स्वतःचा घालून उभे राहा," ती म्हणाली. भाऊजींनी कापडावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

इथून पुढे घोळ सुरू झाला.

आमच्या शेजारी चपलांचं दुकान आहे. त्याचा मालक मागच्या वर्षी एकदम वाळला होता, म्हणून मी त्याचं नाव काडीपैलवान ठेवलं होतं. स्वतः बारीक झालेला माणूस दुसऱ्याला सुखाने खाऊ देत नाही. त्याने भाऊजींना पहिला मंत्र दिला तो रसाचा. दिवसभर काही चावायचं नाही, नुसते भाज्यांचे रस प्यायचे. भाऊजी हिरवे, लाल आणि एक कुठल्या रंगाचा ते सांगता येणार नाही असे पेले रिचवू लागले. पोटातले कावळे इतके ओरडायचे की मला मशीनच्या आवाजातही ऐकू यायचे. आठवड्यात पट्टा दोन भोकं आत गेला आणि भाऊजींना स्वर्ग दोन बोटं उरला.

नेमकं त्याच भरात त्यांनी कोट बेतला. तोही रविवारी, दुकान बंद असताना, मी नसताना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

रस थांबला तसं वजन गेल्या पावली परत आलं. मग कोबीच्या सुपाचा पंथ निघाला. मग धान्याला शिवायचं नाही, फक्त अंडी आणि मांस. त्या दिवसांत त्यांना एवढा राग यायचा की एका गिऱ्हाइकाच्या बाहीला त्यांनी 'उद्धट' म्हटलं. मग दुपारनंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही असं आलं, आणि तेही मोडल्यावर पुन्हा कोबीचं सूप. प्रत्येक पंथ नवा असताना भाऊजी त्याचे पुजारी असायचे, आणि मोडला की चहाच्या टपरीवर त्याचं उद्यापन व्हायचं, तेही जिलेटीनच्या कागदातल्या केकने. ताई एकदाच म्हणाली, "अहो, जे जन्मभर खाता येणार नाही ते आठवडाभर खाऊन काय होणार?" भाऊजी म्हणाले, "तुला शास्त्र कळत नाही."

यात एक गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता येईना. रात्री चौघं मिळून जेवायची, हा त्या घराचा रिवाज. मी, ताई, भाची आणि भाऊजी. भाची दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची आणि भाऊजी हसता हसता भात सांडायचे. आता दुसऱ्यांच्या ताटातलं बघवत नाही म्हणून ते खाली दुकानातच वाडगा घेऊन बसायचे. वर त्यांची खुर्ची रिकामी. भाचीने दोन दिवस नकला केल्या, मग सोडून दिल्या. लग्न झालं की ती परगावी जाणार होती.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा कोट माझ्याकडे काजं करायला आला. मी तो उलटा केला आणि माझा हात थांबला. शिवणीत आम्ही थोडं जादा कापड दाबून ठेवतो, त्याला माया म्हणतात. अंग सुटलं तर तेवढं उसवून कपडा सैल करता येतो. मायेशिवाय कापड कापणाऱ्याला भाऊजी शिंपीच मानायचे नाहीत. आणि त्यांच्या स्वतःच्या कोटात टाका धरेल एवढीच माया होती, वर उरलेल्या कापडाचं त्यांनी एक जाकीटही शिवून ठेवलं होतं, तेही तसंच अरुंद.

"भाऊजी, हा कोट कोणाचा?"

"माझा."

"मग घाला बघू."

"आत्ता नाही. अजून थोडे दिवस जाऊ द्या."

मी घालायलाच लावला. बाह्या कशाबशा चढल्या. समोरच्या दोन बाजू मात्र भांडलेल्या जावांसारख्या, एकमेकींच्या जवळ यायलाच तयार नाहीत. मधे चांगला वीतभर सदरा. भाऊजींनी श्वास आत घेतला, पोट आत घेतलं, डोळेसुद्धा मिटले. काही उपयोग नाही.

"कापड संपलंय, मेहुणीबाई," ते अगदी हळू म्हणाले. "पोरीने एवढं हौसेने आणलेलं. तिला काय सांगू?"

सांगायची वेळच आली नाही. भाची जेवायला बोलवायला जिना उतरून आली होती आणि शेवटच्या पायरीवर उभी होती. तिने कोट पाहिला, मग टेबलावरचा कोबीच्या सुपाचा वाडगा पाहिला.

"बाबा, हे माझ्यासाठी चाललंय?"

"फोटोत बरं दिसायला नको का? तुझे सासरे बघ कसे..."

"मला सासऱ्यांचं काय सांगता! मी परगावी चाललेय, बाबा. तिथे मला तुमचा फोटो हवाय, पण त्याआधी तुम्ही हवे आहात. किती दिवस झाले, मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवतेय. कोट नाही झाला तर नाही झाला. तुम्ही वर या." ती धडाधड जिना चढून गेली.

भाऊजींना तिच्या मागोमाग वर जायचं होतं, तर कोट निघेना. मी मागून बाह्या ओढल्या, ते पुढे ओढत होते. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

ते वर गेले आणि आपल्या खुर्चीवर बसले. ताईने 'बघा, मी म्हणत नव्हते' असं म्हटलं नाही, यासाठी तिला मी आजवर मानते. तिने फक्त त्यांचा मोठा वाडगा कपाटात ठेवला आणि लहान काढला. सगळ्यांसाठी जे शिजलं होतं तेच त्यांच्या ताटात. भाजी आधी आणि भरपूर, भात एकदाच, आणि घास नीट चावून. भाचीने नकला केल्या की त्यांना हसावं लागायचं, आणि हसताना माणूस भराभर गिळत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. सकाळी भाची कामाला निघाली की ते तिला चष्म्याच्या दुकानापर्यंत चालत सोडायला जाऊ लागले. बिस्किटांचा पुडा मी माझ्या खणात कुलपात ठेवला. झालं, एवढंच. यात कोणाला सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

काडीपैलवान दारात उभा राहून म्हणाला, "भात खाता? मग संपलंच." मी म्हणाले, "तुमच्या शर्टाचं बटण तुटायला आलंय, आणा लावून देते." खरंच तुटायला आलं होतं. त्याचं वर्षभराचं पुण्य पोटावर परत जमा होत होतं, तो आता काडीपैलवान राहिला नव्हता, नुसता पैलवान झाला होता.

भाऊजी हळूहळू उतरले. वीतभर सदऱ्याचा चार बोटं सदरा झाला, पण चार बोटंही चार बोटंच. लग्न काही त्यांच्या पोटासाठी थांबणार नव्हतं.

मग मी जाकीट उसवलं. दुसरा मार्गच नव्हता, तेच कापड होतं. पण उरलेल्या तुकड्यात ते बसवायला भाऊजींनी जाकीट आडवं बेतलं होतं. तुकडे फिरवून लावावेत तर लांबीला पुरत नव्हते. कोटाला दोन्ही काखांखाली जोड लावला तेव्हा कोटाच्या रेघा उभ्या आणि जोडाच्या आडव्या. जाड्या माणसाला आडव्या रेघा देऊ नयेत, हे त्यांनी गावाला शिकवलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जोड मी हाताने इतका बारीक शिवला की शिवण दिसत नव्हती, पण रेघांना मी काय करणार? भाऊजींनी आरशात एक हात उचलून पाहिला आणि पटकन खाली घेतला.

"अर्धी गल्ली लग्नाला येणार आहे," ते म्हणाले. "सगळी माझी गिऱ्हाइकं."

"हात अंगाला चिकटवून ठेवा. कोणाला कळत नाही."

लग्नात त्यांनी हात असे चिकटवून ठेवले की बघणाऱ्याला वाटावं, काखेत काही लपवलंय. नमस्कार कोपरापासून पुढेच. मुलं उचलून घ्यायला आली तर 'मोठा झालास रे' म्हणून टाळायचे. व्याही ताईला म्हणाले, "तुमचे यजमान फारच शांत, भारदस्त." ताईने मान डोलावली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

जेवायला लांब टेबल मांडलं होतं. भाचीने नवऱ्याला एका बाजूला बसवलं आणि दुसऱ्या बाजूची खुर्ची वडिलांसाठी धरून ठेवली. भाऊजी हात दाबूनच बसले. समोर भाताचं मोठं पातेलं होतं, ते भाचीपासून लांब, आणि तिचं ताट अजून रिकामं. वाढणारा कुठे दिसेना.

भाऊजी उठले. त्यांनी हात लांब करून पातेलं ओढलं आणि डाव उचलला. काखेखालच्या आडव्या रेघा भर मांडवात उघड्या पडल्या. समोरच्या रांगेतल्या तीन बायकांनी, ज्यांना भाऊजींनी कधी आडव्या रेघा घेऊ दिल्या नव्हत्या, एकमेकींना कोपराने ढोसलं.

मी मागून दबक्या आवाजात म्हणाले, "भाऊजी, हात! जोड दिसतोय."

"दिसू दे," ते मागे न बघता म्हणाले. "तिला भूक लागलीये."

भाचीने ताट पुढे केलं. भाऊजींनी तिला वाढलं, मग आपल्या ताटात एकदाच वाढून घेतलं, डाव ठेवला आणि तिच्याशेजारी बसून जेवू लागले.