दीड हातावरची खिडकी

रेशनवाल्यानं खिडकीची फळी धाडकन खाली सोडली. आईची चार बोटं चेचली. ती किंचाळली. आतून तो म्हणाला, "वाकून मागायचं. उभ्यानं हात घालतीस व्हय गं?"

आईचे गुडघे धरले होते. वाकता येईना म्हणून तिनं उभ्यानंच पिशवी आत सरकवली, एवढाच तिचा गुन्हा. साखरेवर रक्त सांडलं म्हणून शिव्याही तिनंच खाल्ल्या.

आणि ती खिडकी मी बांधलेली.

सोनपेठकडच्या आमच्या गावात सरपंचानं रेशनचं नवं दुकान काढलं, तेव्हा गवंडीकाम मला दिलं. बौद्धवाड्यातल्या माणसाच्या हाती थापी! मी हुरळून गेलो. समोर दार, तेही मीच बसवलेलं, ते गावातल्या बड्या लोकांसाठी. ते आत जाऊन बाजेवर बसायचे, चहा प्यायचे. आमच्यासाठी मागच्या भिंतीत खिडकी. सरपंच म्हणाला, "जमिनीपासून दीड हातावर ठिव." ठेवली. ओळंबा लावला, चौकट काटकोनात बसवली. तिच्यासमोर माणूस उभा राहिला तर त्याचं तोंड कुठं येईल, हे काही बघितलं नाही. पोती सरकवायला बरं पडत असेल, असं वाटलं. इतका मी बावळट.

दुकान उघडलं त्या दिवशी कळलं. अख्खा वाडा गुडघ्यावर. म्हातारी माणसं, पोटुशा बाया. आतला उंच जोत्यावर खुर्चीत, आमची तोंडं त्याच्या चपलांशी. माणसाला कसं उभं करायचं हे भिंत ठरवते, आणि ती भिंत माझ्या हातची होती. तरी मी गप्प बसलो. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. शेजारच्या गावात आमच्या लोकांची घरं पेटवली होती. भ्यालो होतो, दुसरं काय.

आईची बोटं बघितली आणि ती भीती जळून गेली.

तिला झाडाखाली बसवलं. घरून घण आणला. भर दुपारी, सगळ्यांदेखत.

सरपंच धावत आला. "काय करायलायस रे?"

"माझी चूक दुरुस्त करायलोय."

पहिल्या घावात फळी फुटली. दुसऱ्यात चौकट निखळली. मग विटा. रेशनवाला पोत्यांमागं दडला. त्याच्या डोक्यातही घण घालावा असं वाटलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मागून सरपंचाच्या माणसांच्या काठ्या पडल्या. डावा हात मोडला. दोन दात गेले. पडल्यावरही मारत होते. "आता ताठ हो की!" म्हणत मारत होते.

परभणीला हात बांधून घेतला. गुन्हा माझ्यावरच दाखल झाला. परत आलो तर दुसऱ्या गवंड्यानं खिडकी बसवलेली. दीड हातावरच.

वाड्यातली पोरं म्हणाली, "दादा, पुन्हा फोडू."

मी नको म्हणालो. खिडकी वर घ्या, असं मागायचा विचारच मी सोडला. उंच केली तरी ती मागच्याच भिंतीत राहणार. आता वाड्यातलं कुणी तिकडं फिरकत नाही. येत्या रेशनच्या दिवशी आम्ही समोरून जाणार, सगळे. आई पुढं राहील, मी तिच्या मागं. त्यांनी दार लावून घ्यावं खुशाल. बिजागऱ्या कुठं ठोकल्यात, ते मला माहीत आहे.